विहाराची निळी रेघ

मी शकू. माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. दूधवाला उगाच हसला तर मी दूध बोटाला लावून बघते. शेजारीण न मागता भाजी देऊन गेली तर मनात येतं, हिचं आपल्याकडं काय अडलंय? माझा धाकटा भाऊ पोपट म्हणतो, "अक्का, तुला कुणी गुलाब दिला तर वास घ्यायच्या आधी तू काटे मोजशील." मोजीन ना! काटा मलाच टोचणार असतो, देणाऱ्याला नाही.

पण ही गोष्ट माझी नाही. ही माझ्या भाचीची, पोपटच्या दीप्तीची.

आम्ही मूळचे परतूरकडचे. पोपट सुरतला आला तेव्हा डोक्यावर विटा वाहायचा. हळूहळू हातात थापी आली अन् गवंडी झाला. इकडं गवंड्याला कडिया म्हणतात. दीप्ती शाळेत असताना वहिनी कावीळ होऊन गेली. माझा नवरा त्याआधीच गेलेला, पोटी लेकरू नाही. पोपट गावी आला अन् म्हणाला, "अक्का, चल. पोरीला कुणीतरी पाहिजे." तेव्हापासून मी सुरतेतल्या कोसाडच्या कॉलनीत आहे. पर्वत पाटियाच्या मार्केटातून साड्यांचे गठ्ठे येतात, त्यांच्यावर घरबसल्या टिकल्या चिकटवते. बोटं गोंदात असतात, डोळे दारात.

दीप्ती लहानपणी बाहुल्यांशी खेळली नाही. ती बापाच्या ओळंब्याशी खेळायची. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, भिंत सरळ उभी आहे का ते बघायचं. पोपट दोरी सोडायचा अन् ही त्या झुलणाऱ्या वजनाकडं टक लावून बसायची. "बाबा, हे कधी थांबतं?" पोपट म्हणायचा, "थांबलं की भिंतीचं खरंखोटं कळतं. तोवर गप बसायचं." अन् पोरगी खरंच गप बसायची. मला तेव्हाच वाटलं होतं, हे लेकरू काहीतरी निराळं निघणार.

निघालंच. गणित घेऊन बीएस्सी झाली, कॉम्प्युटरचा कोर्स केला, अन् इच्छापोरला एका कंपनीत लागली. ही कंपनी कारखान्यांतली यंत्रं किती थरथरतात ते मोजून द्यायची. दीप्तीचं काम काय, तर कॉम्प्युटरवर त्या थरथरीचं चित्र काढायचं. मी म्हटलं, बाई गं, चित्रं काढायला कोण पगार देतं? डाळीत काहीतरी काळं आहे. एक दिवस डबा विसरल्याचं निमित्त करून मी थेट तिच्या ऑफिसात जाऊन थडकले. डबा मीच तिच्या पिशवीतून काढून ठेवला होता.

तिथं गेले तर काय, थंडगार खोली, खिडकीला पडदे, अन् आमची दीप्ती एका काळ्या पडद्यापुढं बसलेली. साहेब म्हातारा, चष्मेवाला, आपल्याच कामात. मला जरा हायसं वाटलं. दीप्तीनं काहीतरी टाइप केलं अन् काळ्या पडद्यावर एक पिवळी रेघ सळसळत गेली. मग लाल. मग हिरवी.

"आत्या, डावीकडून उजवीकडं वेळ चालते. अन् खालून वर म्हणजे किती हललं ते. प्रत्येक जागेचा रंग वेगळा, म्हणजे घोटाळा होत नाही."

"अन् एवढं काळं काळं छापायचं म्हणजे शाई किती जाईल?"

ती हसली. "छापत नाही तसं. हे गणिताचं सॉफ्टवेअर आहे, ते चित्र फाईलमध्ये काढताना मागचं काळं पांढरं करून देतं. रेघांचे रंग तेच राहतात. मग ते चित्र आपण अहवालात चिकटवतो."

म्हणजे इथं दिसतं एक अन् कागदावर उतरतं दुसरं. मला ते तेव्हाच पटलं नव्हतं. पण ती म्हणाली, नेहमीच असं करतात.

आता विहाराचं सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

कॉलनीच्या टोकाला आमच्या लोकांनी स्वतःच्या हातानं विहार बांधलं. कुणी विटा दिल्या, कुणी वाळू, कुणी रविवारची सुट्टी. बायांनी पाणी वाहिलं. मी पण वाहिलं. थापी मात्र एकट्या पोपटच्या हातात होती. प्रत्येक वीट त्यानं बसवली, प्रत्येक घमेलं माल त्याच्या डोळ्यादेखत कालवला. ज्या दिवशी आत बुद्धमूर्ती बसली, त्या दिवशी सगळ्यांनी त्याला पुढं बसवलं. पोपट पुढं बसणारा माणूस नाही. सारखा मागं सरकत होता.

पुढं विहाराच्या पाठीला लागून एका शेठनं मागांचा कारखाना टाकला. माग म्हणजे लूम, सुरतेत जिकडं जावं तिकडं त्यांची खडखड. दिवसभर, अगदी वंदनेच्या वेळी सुद्धा, खाली सतरंजी बारीक थरथरायची. वर्ष सरतंय न सरतंय तोच विहाराच्या मागच्या भिंतीला तडा गेला. छतापासून पायापर्यंत, वाकडातिकडा.

विहार समितीचा सेक्रेटरी सुकदेव. रेल्वेत कामाला, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. तो शेठकडं गेला तर शेठ म्हणाला, "मेरे लूम से क्या होगा? आपकी दीवार कच्ची है. किसने बनाई?"

बस. तेवढ्या एका वाक्यानं काम केलं. शेठनं नुसती काडी टाकली, गवत आमच्याच अंगणात होतं. नळावर बाया बोलायला लागल्या, विहार बांधलं त्याच वर्षी पोपटनं घरापुढं ओटा बांधला होता ना, त्याला सिमेंट कुठून आलं? सुकदेव तोंडानं काही म्हणायचा नाही. तो नुसता आमच्या ओट्याकडं बघत बघत जायचा, अन् ते बोलण्यापेक्षा वाईट. अरे, तो ओटा कंत्राटदाराच्या उरल्यासुरल्या मालाचा! पाट्या मी माझ्या डोक्यावर आणल्यात. पण ऐकतो कोण? ज्यांना पाणी वाहून वाहून मानेला गाठी आल्या, त्यांना वाटणारच, आपल्या सिमेंटचं कुणी काय केलं.

पोपटनं स्वतः ओळंबा नेऊन त्या भिंतीला लावला. माग चालू होते. वजन थांबेच ना, बारीक बारीक कापत राहिलं. तो म्हणाला, "बघा, भिंत हलतीया." सुकदेव म्हणाला, "पोपटराव, दोरी तुमच्या हातात आहे." म्हणजे समजलं ना? हातच थरथरतो, असं त्याला म्हणायचं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोपटनं दोरी गुंडाळली अन् घरी आला.

दुसऱ्या सकाळी चहा घेताना दीप्ती म्हणाली, "बाबा, आपण मोजू. माझ्या ऑफिसातली पेटी आणते. तिथं कुणाच्या हातात दोरी नसते."

साहेबांनी परवानगी दिली. मी विचारलं, फुकट कामून देतोय? दीप्ती म्हणाली, "आत्या, चांगला माणूस आहे." चांगला माणूस! असू दे. ती एक पेटी अन् वायरींचं भेंडोळं घेऊन आली. सुपारीएवढी तीन मोजणारी बटणं होती, ती मेणानं भिंतीला चिकटवायची. एक शेठच्या कारखान्याच्या भिंतीला, तो पण हो म्हणाला, कारण त्याला वाटलं ही पोरगी काय करणार. एक विहाराच्या भिंतीला. अन् एक लांब शाळेच्या भिंतीला, जिथं मागांची खडखड पोचत नाही. कारखान्याची पाळी बदलून माग पुन्हा सुरू होईपर्यंत पेटी चालू ठेवली. सगळी कॉलनी बघायला उभी होती.

ऑफिसला निघताना दीप्ती चप्पल घालता घालता म्हणाली, "बाबा, तुमच्या भिंतीच्या रेघेला कोणता रंग देऊ?"

"हे काय विचारणं झालं?" पोपट म्हणाला. "विहाराची रेघ. निळीच पाहिजे."

आमच्याकडं हा प्रश्नच नसतो. झेंडा निळा, पताका निळी, चौदा एप्रिलला पोरांचे फेटे निळे. त्या दिवशी कित्येक दिवसांनी पोपट हसला. त्याच्या भिंतीला निळी रेघ मिळणार होती अन् तिच्यानं त्याचं नाव धुऊन निघणार होतं.

दीप्तीनं चित्र काढलं. ऑफिसात रंगीत प्रिंटर नवीनच आला होता, शाई जपून वापरायची, म्हणून साहेबांनी एकच कागद छापू दिला. तो तिनं पाकिटात घालून सुकदेवच्या हातात दिला. मी म्हटलं, "त्याच्या हातात कशाला?" ती म्हणाली, "आत्या, तो सेक्रेटरी आहे. आपण ठेवला तर म्हणतील बदलला." हे मात्र पटण्यासारखं होतं. मीच म्हणाले असते तसं.

रविवारी वंदनेनंतर विहारात बैठक बसली. शेठ पण आला, दारातच खुर्ची टाकून. सुकदेवनं झेरॉक्सच्या प्रती वाटल्या. मूळ कागद त्यानं मागांच्या तक्रारीच्या अर्जाला टाचून वॉर्ड ऑफिसात दिला होता.

मी इंग्रजी वाचत नाही. पण दीप्तीनं सांगितलेलं आठवत होतं, तीन रेघा. मी कागद उलटा केला, सुलटा केला. मला दोनच दिसत होत्या. मनात म्हटलं, शकू, चष्म्याचा नंबर वाढला.

शेठ कागद घेऊन उभा राहिला. "देखो भाई. ये मेरी शेड की लाइन. बराबर, मशीन है तो हिलेगी. ये नीचे स्कूल की लाइन. और ये बाजू में लिखा है विहार." त्यानं बोट ठेवलं. "विहार का नाम है. उसके सामने क्या है? कुछ नहीं. मतलब आपकी दीवार हिलती ही नहीं. फिर फटी कैसे?" मग जरा थांबून म्हणाला, "और ये मैंने नहीं निकाला. आपकी ही लड़की ने निकाला."

पलीकडं मागांची खडखड तेवढी ऐकू येत होती.

दीप्तीनं कागद ओढून घेतला. "इथं रेघ होती. मी स्वतः काढलीय. शेडच्या लाल रेघेच्या अगदी जवळून जात होती!"

"होती मग गेली कुठं?" मागून कुणीतरी विचारलं. दुसरा म्हणाला, "मशीननं दाखवलीच नसंल." तिसरी एक बाई, नाव नाही घेत, पुटपुटली, "शेठच्या पेढ्यांचा वास येतोय मला." सुकदेव शर्ट झटकत म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय."

मी उठले. मी बोलणारच होते, अन् माझं बोलणं कुणाला आवडलं नसतं. पण माझ्या आधी पोपट उभा राहिला. पोपट, जो सभेत कधी बोलत नाही. त्यानं हात जोडले अन् म्हणाला, "असंल. माझ्याच हातून कुठंतरी माल कमी पडला असंल."

अरे देवा! हे तोंडून निघूनच गेलं माझ्या, विहारात. मेल्या, काय बोललास हे? दुसऱ्यानं चोर म्हणणं वेगळं अन् स्वतः गळ्यात पाटी अडकवून घेणं वेगळं. आता कुणाला समजावून सांगायचं?

त्या दिवसापासून आमच्या घराची रयाच गेली. स्वयंपाकघर बांधायला पोपटला सांगून ठेवणाऱ्यानं निरोप पाठवला, आत्ता नको. पोपट वंदनेला जाईना. भिंतीला पाठ लावून बसायचा अन् बोटांनी हवेत काहीतरी कालवल्यासारखं करायचा. विचारलं तर म्हणायचा, "आठवतोय." काय आठवतोस? तर पुन्हा बोटं हलवायचा. दीप्ती त्याच्यासमोर ताट ठेवून रडायची अन् तो ताटाकडं बघायचा नाही. मला दोघांचा राग आला, अन् त्याहून जास्त भीती वाटली.

माझ्या डोक्यात मात्र चक्र सुरू झालं. रेघ काढली दीप्तीनं. कागद गेला सुकदेवकडं. सुकदेवकडून निघाला तेव्हा रेघ नव्हती. मग खोडली कुणी? मी सरळ त्याच्या दारात गेले.

"सुकदेवराव, मूळ कागद दाखवा."

"अर्जाला लावलाय म्हटलं ना."

"बघितला होता का तुम्ही नीट?"

"शकूबाई, मी सेक्रेटरी आहे. पाकीट आलं, झेरॉक्स केली, टाचलं. शंका असंल तर तुमच्या भाचीला विचारा."

चोराच्या मनात चांदणं. त्याच्या नजरेत काहीतरी होतं, असं मी घरी येऊन सांगितलं. दीप्ती म्हणाली, "आत्या, त्याला वाचताच येत नाही तो आलेख, तो काय खोडणार?" मी म्हटलं, न वाचता येणारेच जास्त खोडतात.

दीप्तीनं साहेबांना विनवून तोच कागद पुन्हा छापून आणला. काय सुंदर निघाला होता! लाल रेघ, तिच्या अंगाला अंग लावून आकाशी निळी रेघ, अन् खाली शाळेची काळपट हिरवी, सरळ. तो घेऊन आम्ही सुकदेवकडं गेलो. त्यानं बघितलं अन् म्हणाला, "आज निघाली होय? बापासाठी आता काहीही काढशील पोरी. आधी का नव्हती?"

दीप्ती परत फिरली. मी नाही फिरले. मी कागद तिच्या हातातून घेतला अन् म्हटलं, चल अमरोलीला, झेरॉक्सच्या दुकानात. कॉलनीतल्या प्रत्येक दारात एक प्रत टाकते. वाचतील तर वाचतील, नाहीतर चुलीत घालतील.

झेरॉक्सवाल्यानं कागद काचेवर ठेवला. हिरवा उजेड सरकला, प्रत बाहेर आली. मी हातात घेतली अन् डोळ्यांजवळ धरली. निळी रेघ नाही! लाल होती, काळीभोर. हिरवी होती. विहाराचं नाव होतं अन् त्याच्यापुढं कोरं.

"ए भल्या माणसा!" मी काउंटरवर हात आपटला. "तुला पण फोडलं का शेठनं?"

तो बिचारा घाबरला. "मासी, कोण शेठ? मशीन छे, जे देखाय ते काढे."

"मशीन शेठची असंल मग!"

त्यानं पुन्हा काढली. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा शाई गडद करून काढली, तर कागद सगळा मळकट झाला अन् रेघ तरी नाहीच. दीप्ती कागदाकडं बघत उभी होती, ओळंब्याकडं बघायची तशी. मला काही सुचेना. संशय घ्यायला सुद्धा माणूस लागतो हो, इथं कुणीच नव्हतं. मग माझी आपली सवय, पिशवी चाचपली. वैशाख पौर्णिमेच्या कार्यक्रमाचं हँडबिल होतं, आकाशी शाईत छापलेलं. म्हटलं, "हे काढ. बघू तुझी मशीन आणखी काय काय गिळते."

त्यानं काढलं. कोरा कागद बाहेर आला. नुसती घडीची सावली. मग साडीच्या गठ्ठ्याचं लाल लेबल काढायला लावलं. ते ठसठशीत काळं आलं.

दीप्ती दुकानाच्या पायरीवर बसली.

"आत्या, फिकट निळा या मशीनला दिसतच नाही. लाल दिसतो, हिरवा दिसतो, आपला निळा दिसत नाही."

"अगं पण निळा तो निळा. फिकट कामून केलास?"

"काळ्या पडद्यावर गडद निळा बुडून जात होता. मला तो दिसेना म्हणून मी उजळ करत गेले. पडद्यावर छान चमकत होता. रंगीत कागदावर पण छान आला. त्याची झेरॉक्स निघाल्यावर काय होईल, हा विचारच केला नाही मी. ऑफिसात आम्ही निळा वापरतच नाही. बाबांसाठी वापरला."

"म्हणजे शेठनं काही केलं नाही?"

"नाही."

"अन् सुकदेवनं?"

"नाही आत्या. माझ्याच हातानं झालं."

खरं सांगते, मी जरा हिरमुसलेच. एवढे चोर मी मनात पकडून ठेवले होते, सगळे सोडून द्यावे लागले.

पण सुकदेवला नुसतं सांगून भागणार नव्हतं. तो म्हणाला असता, दुकानदार तुमच्या ओळखीचा. म्हणून दीप्तीनं त्याच्यापुढं एकच मागणं ठेवलं. "काका, माझ्या हातचा कागद घेऊच नका. तुम्ही वॉर्ड ऑफिसात दिलेला मूळ कागद तुम्हीच बघा अन् तुम्हीच झेरॉक्स काढा. कुठल्याही दुकानात." तो तयार झाला. मी पण सोबत गेले. वॉर्ड ऑफिसातल्या कारकुनानं अर्ज काढला. सुकदेवनं पाठीमागचा कागद वर केला अन् बघतच राहिला. निळी रेघ होती. पहिल्या दिवसापासून तिथंच होती, टाचणीखाली.

"मी बघितलंच नव्हतं हो," तो म्हणाला. मग समोरच्या दुकानात त्यानं स्वतः प्रत काढली. रेघ गेली. त्यानं मूळ कागद अन् प्रत शेजारी शेजारी धरले, खाली ठेवले, पुन्हा धरले. येताना आमच्या गल्लीत शिरल्यावर आमच्या ओट्याकडं त्यानं मान वर करून बघितलं नाही, हे मी बरोबर टिपलं.

पुढच्या रविवारी तो स्वतःच उभा राहिला. मूळ कागद हातोहात फिरवला. दीप्तीनं बोट ठेवून दाखवलं, "इथं पाळी बदलली, माग थांबले. बघा, लाल रेघ खाली आली अन् तिच्यासोबत निळी पण खाली आली. माग पुन्हा सुरू झाले, दोघी पुन्हा वर. शाळेची मात्र जशीच्या तशी. माग चालले की आपली भिंत हलते." ज्या बाईला पेढ्यांचा वास आला होता, तिनं कागद सगळ्यात जास्त वेळ धरून ठेवला. शेठनं थोडी खळखळ केली, मग भिंतीजवळचे माग हलवायला अन् बाकीच्यांखाली रबर टाकायला कबूल झाला. कबूल झाला म्हणजे झालं असं मी मानत नाही. मी जाऊन बघून आले. रबर टाकलं होतं.

त्या बैठकीला पोपट आलाच नव्हता. घरी आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं अन् मग माझा बांध फुटला. "मेल्या, चमचाभर सिमेंट तू कधी कुणाचं घेतलं नाहीस. मग भर सभेत कबूल कामून केलंस?"

पोपट दीप्तीकडं न बघता म्हणाला, "अक्का, कागद दीप्तीचा होता ना."

"मग?"

"मग तो खोटा कसा असंल? लोक खोटं बोलतील, माझा हात खोटं बोलंल. पोरीचं गणित खोटं बोलत नाही. तिच्या कागदावर भिंत हलत नव्हती, म्हणजे माझ्याच हातून चुकलं. मी रोज आठवत बसायचो, कोणत्या घमेल्यात वाळू जास्त पडली, कोणत्या थराला पाणी कमी मारलं. एक थर मला सापडला पण होता. वाटलं, हाच असंल."

सगळी कॉलनी पोरीवर संशय घेत होती, शेठवर घेत होती, मी तर सगळ्या जगावर घेत होते. अन् हा माणूस एकटा बसून स्वतःवर घेत होता, कारण पोरीवर घेणं त्याला जमलं नाही. दीप्ती त्याच्याजवळ गेली अन् त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून म्हणाली, "बाबा, एकदा मला विचारायचं तरी." तो म्हणाला, "तुला काय विचारायचं? तू तर लिहूनच दिलं होतंस."

तेव्हापासून दीप्ती कुठलंही चित्र फाईलमध्ये काढलं की आधी त्याची झेरॉक्स काढून बघते. ऑफिसात हसतात तिला. एक रेघ सलग, एक तुटक, एक ठिपक्यांची, रंग गेला तरी रेघ ओळखू आली पाहिजे, असा तिचा नियम आहे. विहाराचा कागद पण तिनं नव्यानं काढला. निळी रेघ निळीच ठेवली, पण गडद अन् जाड. पडद्यावर तिला ती नीट दिसत नव्हती, तरी तिनं ती तशीच काढली.

माग हलवल्यावर तडा बुजवायचा ठरला. काम पोपटनंच करायचं, असं समितीनं एकमुखानं सांगितलं. रविवारी सकाळी आम्ही तिघं विहारात गेलो. वाळूचा ढीग पडला होता, सिमेंटचं पोतं होतं. पोपटनं पोतं फोडलं अन् थांबला. मग म्हणाला, "दीप्ती, इथं माझ्यासमोर उभी राहा. वाळू किती, सिमेंट किती, बघत राहा. अक्का, तू पण बघ."

आयुष्यभर ज्यानं कुणाला न विचारता माल कालवला, तो आता साक्षीदार मागत होता. मला रडूच आलं.

दीप्तीनं बापाकडं एकदा बघितलं, मग वळली, अन् त्याच्याकडं पाठ करून बुद्धमूर्तीसमोर खाली बसली.

"अगं, बघ ना इकडं," पोपट म्हणाला.

"नाही बघणार," ती म्हणाली. "तुम्ही करा बाबा."

तो माझ्याकडं बघायला लागला. मी, जी दुधात बोट घातल्याशिवाय दूध घेत नाही, ती पण वळले अन् दीप्तीच्या शेजारी जाऊन बसले. मग मागून फावड्याचा आवाज आला, अन् पोपट माल कालवायला लागला.